जिनातला उजेड

छायाचित्राला जे टाळता येते ते प्रतिकृतीला टाळता येत नाही. छायाचित्रकार एका कोपऱ्यात उभा राहतो, चिमणी आणि दर्शनी भिंत चौकटीत घेतो, मागची बाजू सोडून देतो. इतिहासकारालाही ही सोय आहे. ‘कारखान्यात शंभरावर मजूर काम करीत’ असे एक वाक्य लिहिले की त्याचे काम भागते. प्रतिकृती करणाऱ्याला मात्र मागची भिंत बांधावीच लागते. त्या भिंतीत दार होते की नव्हते, दार असेल तर किती उंच, त्यातून काय आत जाई आणि काय बाहेर येई, हे ठरवल्याशिवाय त्याची कात्री पुढ्यातल्या पुठ्ठ्याला लागत नाही. म्हणून औद्योगिक इमारतीची तपशीलवार प्रतिकृती करणे हा छंद असला, तरी तो इतिहासलेखनाच्या बराच जवळचा छंद आहे. प्रस्तुत लेखक गेली काही वर्षे यवतमाळ जिल्ह्यातल्या जुन्या पद्धतीच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्याची प्रतिकृती करतो आहे. त्या कामातून जे प्रश्न उभे राहिले त्यांतला एक, उजेडाचा, येथे मांडतो. तो प्रश्न तांत्रिक वाटतो. तसा तो नाही.

आधी इमारतीविषयी. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे साऱ्या जगाचे लक्ष गेले. लिव्हरपूलच्या बाजारात इथला कापूस उमरावतीच्या नावावरून ‘ऊमरा’ म्हणून ओळखला जाई. १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली आणि मध्यप्रांत-वऱ्हाडसाठी रिव्हेट-कारनॅक नावाचा एक स्वतंत्र कॉटन कमिशनर नेमला गेला. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा ‘वणी’ जिल्हा म्हणून ओळखला जाई. ‘यवतमाळ’ हे नाव जिल्ह्याला १९०५ मध्ये मिळाले. मुख्य रेल्वेमार्ग यवतमाळ गावाला टाळून गेला होता. जवळचे स्थानक धामणगाव, २९ मैलांवर. यवतमाळला कापूस पिंजून, दाबून, गाठी बांधून बैलबंड्यांनी धामणगावला जाई. किलिक-निक्सन कंपनीची मूर्तिजापूर-यवतमाळ ही अडीच फुटी रुंदीची ११३ किलोमीटरची छोटी रेल्वे, जिला पुढे लोकांनी ‘शकुंतला’ म्हटले, ती १९१० नंतरच्या वर्षांत आली.

हा तपशील प्रतिकृतीसाठी निरुपयोगी नाही. २९ मैल बैलबंडीने माल न्यायचा असेल तर कापूस दाबलाच पाहिजे. सैल रुई भरलेली बंडी म्हणजे हवा वाहून नेणे. यवतमाळसारख्या आडगावी जिनाला जोडून प्रेस का उभा राहिला याचे उत्तर या अंतरात आहे. आणि माल चढवायचा ओटा बंडीच्या उंचीचा का, याचेही.

वेचलेल्या कापसात वजनाने साधारण एक तृतीयांश रुई आणि दोन तृतीयांश सरकी असते. म्हणजे आजच्या १७० किलोच्या एका गाठीसाठी सुमारे पाचशे किलो कापूस आवारात येतो आणि तीनशेहून अधिक किलो सरकी आवाराबाहेर जाते. बहुतेक चित्रांत जिनाच्या आवारात फक्त शुभ्र गंज्या आणि गाठी दिसतात. सरकीचा ढीग कोणी काढीत नाही. तो करडा, धुळकट असतो, डोळ्यांना सुखावत नाही. पण प्रमाण पाळायचे तर प्रतिकृतीत सरकी गाठींच्या दुपटीने दिसली पाहिजे.

यंत्र होते मॅकार्थी जिन. अमेरिकेत फोन्स मॅकार्थीने १८४० मध्ये त्याचे पेटंट घेतले. पुढे ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कंपन्यांनी ते हिंदुस्थानात आणले. चामड्याचा एक रूळ फिरतो, त्याला घासून एक स्थिर पाते असते. चामडे तंतू ओढून नेते, सरकी पात्यापाशी अडते, आणि वरखाली हलणारे दुसरे पाते तिला ठोकून मोकळी करते. व्हिटनीच्या १७९४ च्या करवती जिनाने आखूड धाग्याचा अमेरिकन कापूस पिंजला खरा, पण त्याचे दात तंतू तोडतात. आमच्याकडे रुळाचा जिनच रुजला. अमेरिकेच्या पेटंट कचेरीत १८८० पर्यंत अर्जाबरोबर यंत्राची लहान प्रतिकृती द्यावी लागे, आणि १८३६ च्या आगीत अशा हजारो प्रतिकृती जळाल्या. कापसाच्या यंत्रांचा इतिहास असा आरंभापासून प्रतिकृती आणि आग या दोहोंशी जोडलेला आहे.

आगीनेच जिनाचा नकाशा काढला असे म्हणता येईल. पात्यात खडा किंवा खिळा आला की ठिणगी उडते, आणि हवेत तरंगणारे तंतू पेटायला तेवढी पुरते. म्हणून जिनघर, प्रेसघर, बॉयलर, रुईचा कोठा आणि कापसाच्या गंज्या एकमेकांपासून दूर, मध्ये मोकळे पटांगण. नवख्याला हे आवार उधळमाधळ वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक रिकामी जागा हिशेबाने सोडलेली असते. प्रतिकृती करणाऱ्याला हीच जागा नकोशी वाटते, कारण टेबल लहान असते. इमारती जवळ सरकवण्याचा मोह प्रत्येकाला होतो, तो आवरावा.

मी प्रमाण धरले आहे १:४८, म्हणजे एका फुटाला पाव इंच. जुने नकाशे फूट-इंचांत असतात, तेव्हा हिशेब तोंडी होतो. शंभर फुटी जिनघर २५ इंच, ऐंशी फुटी चिमणी २० इंच, नऊ इंची वीट पाच मिलिमीटरहून किंचित कमी. पाच फूट उंचीची बाई सव्वा इंच. या हिशेबात एक गोष्ट मात्र बसत नाही, ती म्हणजे कापूस. वऱ्हाडी देशी कापसाचा धागा आखूड, साधारण सोळा मिलिमीटरचा. तोच कापूस प्रतिकृतीत ठेवला तर त्या जगात एकेक तंतू अडीच फुटांचा होतो, आणि गंजी ही गंजी न दिसता दोरखंडांचा गुंता दिसते. यवतमाळच्या जिनाच्या प्रतिकृतीत वापरता येत नाही अशी एकमेव वस्तू म्हणजे यवतमाळचा कापूस! त्याऐवजी चाळलेला चुना आणि बारीक किसलेला फोम वापरावा लागतो.

जिनघर दुमजली असते. वरच्या मजल्यावर यंत्रांच्या दोन रांगा, यंत्रापुढे बाई, तिच्या हाताशी कापूस. खालच्या मजल्यावर लांबच्या लांब फिरता दांडा, त्यावरून पट्टे वर गेलेले, आणि फटींतून खाली पडणारी सरकी. प्रेसघर उंच आणि अरुंद, कारण दाबयंत्राला खाली खड्डा लागतो आणि वर रुई भरायला मजला. रुई भरताना माणसे खोक्यात उतरून ती पायांनी तुडवीत; मग वाफेचा किंवा पाण्याचा दाब, मग लोखंडी पट्ट्या. १९२५ च्या कापूस जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसचे चिन्ह आणि अनुक्रमांक घालणे सक्तीचे केले, आणि नव्या जिनघरात कापूस आत येण्याचे दार आणि रुई बाहेर जाण्याचे दार वेगळे असावे असे सांगितले. पिंजलेल्या रुईत पुन्हा कापूस-सरकी मिसळू नये हा हेतू. म्हणजे भिंतीतल्या दारांची संख्या हासुद्धा कालनिर्णयाचा एक पुरावा ठरतो. कायदा विटांत उतरतो तो असा.

आता उजेड.

महाराष्ट्रात प्रकाशित प्रतिकृतीचे सर्वांत लोकप्रिय उदाहरण पुण्याचे. भाऊ जोशी यांनी १९९८ मध्ये कोथरूडला कर्वे रस्त्यावर उघडलेले लघुरेल्वेचे संग्रहालय अनेक वाचकांनी पाहिले असेल. एका कळफलकाभोवती सारे नगर चालते, आणि खेळात एक क्षण असा येतो की खोलीतला उजेड मंदावतो आणि घराघरांत, रस्त्यारस्त्यांवर दिवे लागतात. प्रेक्षक गप्प होतात. हे कौशल्य मोठे आहे यात शंका नाही, आणि कोणत्याही प्रतिकृतीकाराला तो क्षण आपल्याही टेबलावर यावा असे वाटते. पण कल्पनेतल्या नगराला जी मुभा आहे ती जिनाला आहे का? नगरात रात्री दिवा लागला की माणसे घरी आली असा अर्थ होतो. कारखान्यात रात्री दिवा लागला की माणसे घरी गेली नाहीत असा.

यवतमाळ २०.४ उत्तर अक्षांशावर आहे. जिनाचा हंगाम कार्तिकापासून पुढे, म्हणजे ऐन हिवाळ्याचा. २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४६ अंशांवर असतो, आणि ऐंशी फुटी चिमणीची सावली जवळजवळ ७७ फूट उत्तरेकडे पडते. प्रतिकृतीत दिवसाचा उजेड दाखवायला म्हणून एकच दिवा पुरतो, दक्षिणेकडून, त्याच कोनात, शक्य तितका दूर. दूर अशासाठी की सूर्याच्या सावल्या समांतर असतात. जवळचा दिवा त्यांना पंख्यासारखे पसरवतो आणि पाहणाऱ्याला, कारण कळले नाही तरी, खेळणे पाहतो आहोत असे वाटू लागते. इथवर सारे भूमितीचे काम आहे.

पण त्या दिवशी दिवस किती मोठा असतो? अकरा तासांहून किंचित कमी. आणि कामाचा दिवस किती मोठा होता?

१८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा शंभरावर मजूर असलेल्या आणि वर्षात चार महिन्यांपेक्षा कमी न चालणाऱ्या कारखान्यांना लागू होता. हंगामी जिन त्यातून सुटत. १८८४-८५ मध्ये मुंबईच्या फॅक्टरी कमिशनपुढे खानदेशातल्या जिनांविषयी ज्या साक्षी झाल्या त्यांत बायका पहाटे चार-पाचपासून रात्री नऊ-दहापर्यंत यंत्रापुढे बसत असे नोंदले गेले; हंगामाच्या भरात याहूनही अधिक. खानदेशची साक्ष वऱ्हाडला लावताना जपून पाऊल टाकावे हे खरे. तरी यंत्र तेच, पीक तेच, हंगाम तोच आणि कायद्याची पळवाटही तीच. पहाटे चार ते रात्री दहा म्हणजे अठरा तास. त्यांतले अकरा उन्हाचे धरले तर उरलेले सात तास दिव्याचे. कामाच्या वेळेचा एक तृतीयांशाहून मोठा भाग अंधारात गेला होता, आणि आमच्या डोळ्यांपुढचा जिन मात्र कायम लख्ख उन्हात उभा असतो.

पुढचे कायदे हा पट हळूहळू बदलतात. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा घातली आणि रात्रीच्या कामाला, अपवाद ठेवून, मनाई केली. १९११ च्या कायद्याने हंगामी कारखाने कक्षेत घेतले, पण स्त्रियांच्या रात्रकामाच्या बंदीतून नेमके जिन-प्रेस वगळले. सवलत द्यायला कायदेकर्त्यांना हाच धंदा सापडावा हे बोलके आहे; कापूस बाजारात लवकर पोचण्यावर सगळ्यांचे, म्हणजे मालक, दलाल, निर्यातदार आणि सरकार यांचे एकमत होते. वॉशिंग्टनच्या १९१९ च्या मजूर परिषदेनंतर १९२२ मध्ये स्त्रियांच्या रात्रकामाला सर्वसाधारण मनाई झाली. तेव्हा प्रतिकृतीत दिवा लावायचा तर आधी साल ठरवायला हवे. १९०० च्या जिनात रात्री नऊ वाजता वरच्या मजल्यावरची खिडकी उजळलेली असणे हे वास्तव आहे. १९३० च्या जिनात तीच खिडकी बेकायदा कामाची खूण ठरेल. एकच दिवा, वीस-तीस वर्षांच्या अंतराने, दोन वेगळी विधाने करतो.

मराठीत ‘चिमणी’ हा शब्द कारखान्याच्या धुराड्यालाही आहे आणि रॉकेलच्या छोट्या दिव्यालाही. माझ्या टेबलावर या दोन चिमण्यांचे वजन सारखे नाही. पहिली दुरून दिसते, तिच्यावरून गावे आपली दिशा ओळखतात, तिचा फोटो निघतो. दुसरीची नोंद मालकाच्या नकाशात नसते.

ती करायची कशी, हे थोडक्यात सांगतो, कारण विद्यार्थ्यांपैकी कोणी हे काम हाती घेतल्यास उपयोग होईल. इमारत अठ्ठेचाळीस पटींनी लहान करता येते, प्रकाश लहान करता येत नाही. बाजारात सहज मिळणारा एक बारीक एलईडी सुमारे १.६ मिलिमीटर लांब आणि ०.८ रुंद असतो. प्रमाणाने तो तीन इंच लांब आणि दीड इंच रुंद होतो, म्हणजे कंदिलाच्या काचेतल्या उजेडाच्या जवळपास. आकाराचा प्रश्न सुटतो, तेजाचा नाही. पूर्ण प्रवाह दिला तर तो कंदील न राहता शोधदीप होतो. मोठा रोधक घालून प्रवाह इतका खाली आणावा की दिवसा दिवा लागला आहे की नाही हे कळू नये. रंगही तपासावा. ‘वॉर्म’ म्हणून विकला जाणारा एलईडी रॉकेलच्या ज्योतीपेक्षा पांढराच असतो. त्यावर पिवळसर-नारिंगी पारदर्शक रंगाचे एक-दोन हात द्यावे लागतात. आणि दिवे थोडे लावावेत. तंतूंनी भरलेल्या हवेत उघडी ज्योत म्हणजे आगीला आमंत्रण. रात्रीचे जिनघर उजळून निघालेले असण्याची शक्यता नाही. दहा यंत्रांमागे एक मिणमिणता ठिपका, बाकी काळोख.

असे केले की मजेदार गोष्ट घडते. प्रेक्षकाला काहीच दिसत नाही. तो विचारतो, दिवा बिघडला का? मग खोलीत तीन-चार मिनिटे थांबावे लागते, डोळे सरावतात, आणि रुळांच्या रांगेपुढे वाकलेल्या आकृत्या हळूहळू वेगळ्या होतात. तीन-चार मिनिटे हा प्रदर्शनात फार मोठा वेळ आहे. पण बोटांपासून इंचभर अंतरावर पाते ठोकत असताना त्या उजेडात सात तास काढणे म्हणजे काय, याचा अंदाज पाटीवरच्या मजकुरापेक्षा या अवघडलेल्या प्रतीक्षेतून अधिक येतो असे माझे मत आहे.

मराठी साहित्याच्या वाचकांनी येथे आपल्यालाही एक प्रश्न विचारायला हरकत नाही. मुंबईच्या गिरणगावाला नारायण सुर्वे मिळाले, जयंत पवारांचे ‘अधांतर’ मिळाले. वऱ्हाडच्या शेताला आणि घराला उद्धव शेळक्यांच्या ‘धग’पासून सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’पर्यंत थोर कादंबऱ्या मिळाल्या. शेत आणि गिरणी यांच्या मध्ये उभा असलेला जिन मात्र आमच्या साहित्यात बहुधा दुरून दिसणारी चिमणीच राहिला. याचे कारण मला हंगामात दिसते. गिरणी कामगार चाळीत राहिला, त्याची पिढी, त्याची बोली, त्याची युनियन तयार झाली. जिनातली बाई चार महिने मजूर आणि आठ महिने पुन्हा शेतात. तिला स्वतःलाही आपण ‘कामगार’ आहोत असे म्हणवून घ्यायला उसंत मिळाली नसेल. यवतमाळात साहित्य संमेलन दोनदा भरले, १९७३ मध्ये गदिमांच्या आणि २०१९ मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली. दोन्ही वेळी पाहुण्यांनी या जुन्या आवारांच्या भिंती रस्त्यातून जाताना पाहिल्या असतील. असो.

संग्रहालयांनीही जिनाला जवळ केले नाही. शेजारच्या वर्ध्यात १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय आहे. तिथे चरखे आहेत, ग्रामोद्योगाची अवजारे आहेत. ते ज्या विचाराचे आहे त्यात वाफेच्या जिनाला जागा असणार नाही, आणि ते बरोबरच आहे. मुंबईच्या आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, जे १८७२ मध्ये खुले झाले, कारागिरांच्या मातीच्या सुबक प्रतिकृती आहेत: एकेक धंदा, एकेक माणूस, स्वच्छ आणि स्थिर. वसाहतकाळच्या नजरेला हिंदी माणूस हातकाम करताना आवडे. त्याच माणसाच्या बायकोला वाफेच्या पट्ट्याखाली बसवून ती नजर दुसरीकडे वळे.

इकडे इमारतीही राहिल्या नाहीत. १९७२ पासूनची कापूस एकाधिकार खरेदी योजना नव्या शतकाच्या आरंभी आटोपली; २००० मध्ये केंद्राचे कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू झाले, त्यातून जिनांचे आधुनिकीकरण झाले, यंत्राला कापूस घालायचे काम आपोआप होऊ लागले आणि रुई पट्ट्यावरून थेट प्रेसपर्यंत जाऊ लागली. धुळीच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. जुन्या जिनातल्या खोकल्याबद्दल हळवे होण्याचे कारण नाही. पण दुमजली जिनघर त्यामुळे निकामी ठरले, आणि गावाच्या मध्यावर आलेली ती मोठी मोकळी आवारे, आगीच्या भीतीने सोडलेली ती हिशेबी जागा, भूखंड म्हणून मोलाची झाली. शकुंतलाही यवतमाळपर्यंत आता धावत नाही.

त्यामुळे प्रतिकृतीत पुष्कळ गोष्टी तर्काने भराव्या लागतात, आणि तर्क कोठे संपतो हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे. फुटलेले मडके जोडताना पुरातत्त्वज्ञ हरवलेल्या तुकड्याच्या जागी साधा, वेगळ्या रंगाचा लेप भरतात, नक्षी पुरी करीत नाहीत. मीही तेच धोरण ठेवले आहे: मोजमापाने किंवा कागदाने सिद्ध असलेले भाग रंगवलेले, अनुमानाचे भाग कोऱ्या लाकडाचे. एका मित्राने सुचवले की अनुमानाचे भाग सरळ अंधारात ठेव, म्हणजे प्रश्नच नाही. सूचना चतुर होती, पण मला पटली नाही. या इमारतीत अंधाराला स्वतःचे काम आहे. त्याच्यामागे अज्ञान दडवले तर खरा अंधार कोणता हे ओळखता येणार नाही.

सध्या वरच्या मजल्यावर बारा यंत्रांची एक रांग पुरी झाली आहे, दुसरी कोऱ्या लाकडाची आहे. बारा बायका बसवल्या आहेत, सव्वा इंचाच्या, पदर डोक्यावरून घेतलेल्या, कारण तंतू केसांत बसतात. त्यांच्या रांगेसाठी दोन दिवे. साल १९०० धरले आहे. तिसरा दिवा जिन्यापाशी असावा असे मला वाटते, उतरताना पाय चुकू नये म्हणून. पण त्याला आधार सापडलेला नाही, तेव्हा त्याची तार काढून ठेवली आहे आणि जिना अजून कोऱ्या लाकडाचाच आहे.